किराणा ऑनलाइन विकताना भाव आणि साठा खरा कसा दाखवायचा? कंपोजेबल रचनेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाच-पंचवीस दुकानांची साखळी चालवणारे मालक, त्यांचे बिलिंग सांभाळणारे लोक आणि वेबसाइट बांधणारे डेव्हलपर यांच्याशी बोलताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी दोनच तक्रारी असतात: ‘अ‍ॅपवर एक भाव होता, बिलात दुसरा आला’ आणि ‘पैसे घेतले, मग माल नाही म्हणून कळवलं’.

अ‍ॅपवर माल दिसतो, ऑर्डर जाते, आणि तासाभरानं ‘उपलब्ध नाही’ असा फोन येतो. हे नेमकं का होतं?

कारण अ‍ॅपवरचा आकडा शिळा असतो. बऱ्याच साखळ्यांमध्ये प्रत्येक दुकानाचं बिलिंग त्या दुकानातल्याच कॉम्प्युटरवर चालतं. रात्री दुकान बंद झालं की तिथून साठ्याची फाइल मुख्य ऑफिसला जाते आणि पहाटे ती वेबसाइटवर चढते. सकाळी नऊ वाजता काउंटरवर विक्री सुरू झाली की त्या फाइलचा खरेपणा दर मिनिटाला कमी होत जातो. संध्याकाळी सात वाजता, म्हणजे ऑर्डरींचा जोर असतो तेव्हा, अ‍ॅप जवळपास कालचा साठा विकत असतं.

एखाद्या वस्तूच्या बाबतीत ही चूक लहान वाटते, पण किराण्याची यादी एका वस्तूची नसते. प्रत्येक वस्तूचा साठा ९७ टक्के वेळा बरोबर निघतो असं धरा. २० वस्तूंची यादी पूर्ण मिळण्याची शक्यता ०.९७ चा २० वा घात, म्हणजे सुमारे ५४ टक्के. महिन्याची ३० वस्तूंची यादी असेल तर ४० टक्के. हाच अचूकपणा ९९ टक्क्यांवर नेला तर २० वस्तूंसाठी ८२ आणि ३० वस्तूंसाठी ७४ टक्के होतो. मोबाइल विकणाऱ्याला ९७ टक्के चालून जाईल. किराणावाल्याला ते परवडत नाही, कारण त्याची निम्मी गिऱ्हाइकं अर्धवट पिशवी घेऊन घरात जातात.

आमच्याच घरी एका आषाढी एकादशीच्या आदल्या रात्री मागवलेल्या सामानात शेंगदाणे आले, वरईचे तांदूळ आले, साबुदाणा आला नाही. अ‍ॅपवर तो रात्री दहापर्यंत ‘उपलब्ध’ दिसत होता. पैसे चार दिवसांनी परत मिळाले, पण साबुदाणा भिजवायची रात्र निघून गेली होती. या विषयात मी इतका का शिरलो याचं उत्तर त्या रात्रीत आहे.

कंपोजेबल रचना म्हणजे काय, सोप्या भाषेत?

जुन्या मोठ्या किराणा दुकानात कामं वाटलेली असत. भाव गल्ल्यावरचे शेठ सांगणार. माल किती आहे ते गोडाऊनवाला सांगणार. उधारीची वही दिवाणजींकडे. कुणीही आलं तरी भाव शेठलाच विचारायचा, पोरानं आपल्या मनानं सांगायचा नाही. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देणारा माणूस एकच आणि ठरलेला.

कंपोजेबल रचनेत सॉफ्टवेअरची अशीच वाटणी होते. वस्तूंची माहिती, भाव, साठा, ऑफर, कार्ट, ऑर्डर, पेमेंट, डिलिव्हरी ही स्वतंत्र कामं, आणि प्रत्येकासाठी स्वतंत्र भाग. प्रत्येक भागाचा स्वतःचा डेटाबेस असतो. दुसऱ्याच्या वहीत कुणी हात घालत नाही. एक भाग दुसऱ्याला एपीआयमधून, म्हणजे दोन सॉफ्टवेअरमधल्या ठरलेल्या दारातून, प्रश्न विचारतो आणि उत्तर घेतो. एखादा भाग बदलायचा झाला तर बाकीचे जागेवर राहतात. अ‍ॅप, वेबसाइट, व्हॉट्सअ‍ॅपवरची ऑर्डर आणि दुकानातलं काउंटर हे सगळे त्याच भागांना विचारतात. दर्शनी भाग असा मागच्या यंत्रणेपासून सुटा केला की त्याला ‘हेडलेस’ म्हणतात.

‘कंपोजेबल कॉमर्स’ हा शब्द गार्टनर या संस्थेनं २०२० मध्ये रूढ केला. कल्पना त्याहून जुनी आहे. अ‍ॅमेझॉननं २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच आपली यंत्रणा अशा सेवांमध्ये फोडायला घेतली होती.

आमचं एकच सॉफ्टवेअर सगळं करतं. मग ते तोडायचं कशाला?

वेग वेगळा आहे म्हणून. तूरडाळीच्या पाकिटाचं नाव, फोटो आणि वजन वर्षभरात एखाद्या वेळी बदलतं. भाव आठवड्याला, भाजीचा रोज. साठा दर मिनिटाला. या तिन्ही गोष्टी एकाच तक्त्यातल्या एकाच ओळीत ठेवल्या की सगळ्यात वेगवान गोष्ट सगळ्यात संथ गोष्टीच्या चालीनं चालते. साठा ताजा करायला पूर्ण कॅटलॉग पुन्हा चढवावा लागतो, तो चढवताना साइट मंदावते, म्हणून ते काम रात्रीवर जातं. शिळ्या आकड्याचा उगम इथे आहे.

तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये साठा वेगळ्या दारानं ताजा करता येत असेल, तर ते मोडू नका.

भाव वेगळा का काढायचा? वस्तूच्या नोंदीत किमतीचा एक रकाना पुरत नाही का?

परदेशी सॉफ्टवेअर आपल्या किराण्यात अडखळतं ते याच जागी. आपल्याकडे पाकिटावर एमआरपी छापलेली असते आणि वैधमापन कायद्याखालच्या २०११ च्या वेष्टित वस्तू नियमांनुसार त्याहून जास्त घेता येत नाही. म्हणजे किमतीची वरची मर्यादा त्या हातातल्या पाकिटावर आहे. कंपनीनं दर बदलला की फडताळावर जुन्या आणि नव्या एमआरपीची पाकिटं शेजारी शेजारी बसतात, आणि दोघांवर बारकोड एकच! १३ अंकी बारकोडमध्ये बॅच नसते, एक्सपायरी नसते, एमआरपीही नसते. काउंटरवर स्कॅन केल्यावर ‘कोणती एमआरपी?’ अशी खिडकी उघडते ती याचमुळे. काउंटरवरचा मुलगा पाकीट हातात घेऊन वाचतो. अ‍ॅपला हात नाहीत.

२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले तेव्हा हे सगळ्यांनाच दिसलं. बिस्किटं, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल १८ टक्क्यांवरून ५ वर आलं. तूप-लोणी १२ वरून ५ वर. पाकीटबंद पनीरवरचा कर शून्य झाला. करासह ११८ रुपयांची वस्तू १०५ ची झाली. कर ठरतो तो विक्रीच्या दिवसावर, पाकिटावर काय छापलंय त्यावर नाही, त्यामुळे जुन्या छपाईचा मालही नव्या करानं विकायचा होता. सरकारनं सुधारित किमतीचे स्टिकर लावायची मुभा दिली, पण अ‍ॅपवर कोण स्टिकर लावणार? ज्यांच्याकडे किंमत म्हणजे वस्तूच्या नोंदीतला एक रकाना होता, त्यांना हजारो नोंदी एका रात्रीत बदलायच्या होत्या. जिथे मूळ दर, कर, ऑफर आणि एमआरपीची मर्यादा हे वेगळे घटक होते आणि अंतिम भाव त्या क्षणी काढला जात होता, तिथे ‘२२ तारखेपासून लागू’ अशी करदराची नवी ओळ आधीच भरून ठेवता आली.

म्हणून भाव हा वस्तूचा गुण धरू नका. भाव म्हणजे एका प्रश्नाचं उत्तर आहे: ही वस्तू, या दुकानातून, या बॅचची, या वेळी कितीला? हे उत्तर द्यायला एकच भाग ठेवा आणि अ‍ॅप, काउंटर, बिल सगळ्यांनी त्यालाच विचारू द्या.

मग एका वस्तूच्या दोन एमआरपी असतील तर अ‍ॅपवर कोणती दाखवायची?

त्या दुकानात जितक्या बॅच शिल्लक आहेत त्यांतली सर्वांत कमी एमआरपी धरा आणि विक्रीचा भाव त्याच्या वर जाऊ देऊ नका. दर वाढला असेल तर जुनी पाकिटं संपेपर्यंत नव्या पाकिटांवर थोडा नफा सुटतो, हे खरं. पण उलट केलं तर नव्या भावानं घेतलेल्या ऑर्डरीत पिकर (फडताळावरून माल उचलून पिशवी भरणारा) जुनं पाकीट टाकतो, गिऱ्हाईक घरी छापील किंमत वाचतं, आणि मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर त्याच्या फोनमध्येच असतो.

दुसरा मार्ग म्हणजे प्रत्येक बॅच वेगळी दाखवायची आणि पिकरला नेमकी बॅच उचलायला सांगायची. आवक करताना बॅचनिहाय नोंद काटेकोर होत असेल तरच हे जमतं. बहुतेक दुकानांत ती होत नाही, म्हणून मी पहिला मार्ग सुचवतो.

भाजीपाला आणि सुट्या धान्याचं काय?

यांना वेगळे नियम लावावे लागतात. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात किंवा वाशीच्या बाजार समितीत पहाटे जो भाव निघेल त्यावर दिवसाचा दर ठरतो. त्यामुळे भाजीचा भाव सकाळी ठरलेल्या वेळी एकाच माणसानं भरायचा आणि तो संपण्याची वेळही त्याच नोंदीत घालायची. नवा भाव भरायला विसरलं तर जुना आपोआप लागू राहता कामा नये. त्या वस्तूची विक्री थांबू द्या. दोन तास कांदा न विकल्याचं नुकसान, परवाच्या भावानं दिवसभर कांदा विकल्यापेक्षा कमीच असतं.

वजनाचं दुसरं गणित. गिऱ्हाईक १ किलो टोमॅटो मागतं, पिशवीत ९६० ग्रॅम किंवा १ किलो ४० ग्रॅम भरतात. किलोचा भाव ऑर्डरच्या वेळी पक्का करा आणि बिल काट्यावरच्या वजनाचं करा. आगाऊ पैसे घेतले असतील तर जास्तीचं वजन तुमच्या खात्यात टाका आणि कमी वजनाचे पैसे परत करा. कोथिंबीर, मेथी, पालक जुडीवर विका, ग्रॅमवर नको. जुडीचं वजन पावसाळ्यात एक असतं आणि एप्रिलमध्ये दुसरं.

दुकानातल्या वजनकाट्यावर जी लेबलं निघतात त्यांचे बारकोड २ नं सुरू होतात. ती मालिका दुकानाच्या अंतर्गत वापरासाठी राखलेली आहे आणि त्यात वजन किंवा रक्कम दडलेली असते. साठ्याच्या भागाला हे शिकवलं नाही, तर प्रत्येक पिशवी त्याला नवी अनोळखी वस्तू वाटते.

ऑफर मध्यरात्री बाराला सुरू व्हायची होती, पहाटे साडेपाचला झाली. का?

सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर होतं, आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे आहे. वेळ यूटीसीत साठवायला हरकत नाही, पण ऑफर भरणाऱ्याला भारतीय वेळच दिसली पाहिजे आणि यंत्रणेनं ती बदलून घेतली पाहिजे. आणखी एक छोटी सूचना: रकमा दशांशात न ठेवता पैशांच्या पूर्णांकात ठेवा. ९९.९० रुपये म्हणजे ९९९०. बिलातली पैशा-दोन पैशांची तफावत तिथेच थांबते.

कार्टमध्ये टाकताना एक भाव आणि पैसे देताना दुसरा, असं झालं तर कोणता खरा?

कार्टमधला भाव बोलीसारखा समजा, आणि बोलीला मुदत हवी. भावाचा भाग उत्तर देताना ‘हा भाव अमुक वेळेपर्यंत’ असं सांगतो. पैसे देण्याच्या पायरीवर पुन्हा एकदा विचारायचं. मधल्या वेळेत भाव उतरला असेल तर गिऱ्हाइकाला उतरलेला भाव द्या. चढला असेल तर पैसे घेण्याआधी त्या वस्तूशेजारी जुना आणि नवा भाव दोन्ही दाखवा आणि त्याला ठरवू द्या. ऑर्डर पक्की झाल्यावर भाव कधीही चढवायचा नाही. त्यासाठी ऑर्डरमध्ये त्या क्षणीचा भाव, कर आणि ऑफर यांची प्रत कायमची लिहून ठेवा; नंतर भाव बदलला तरी ती नोंद हलत नाही.

हा कायद्याचाही प्रश्न आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सगळे आकार धरून एकूण किंमत आणि तिची फोड दाखवावी लागते. हाताळणी शुल्क, पॅकिंग, छोट्या ऑर्डरवरचं शुल्क हे एकेक पायरीवर उगवू देणं ३० नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांत ‘ड्रिप प्रायसिंग’ म्हणून नावानिशी नोंदलं आहे. हे आकारही भावाच्या भागातच ठेवा, म्हणजे वस्तूच्या पानावरही ते सांगता येतात.

‘उपलब्ध साठा’ नेमका कसा काढायचा?

दुकानात असलेला माल आणि विकण्याचं वचन देता येईल असा माल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक उदाहरण घेऊ. नोंदीप्रमाणे पोह्यांची २४ पाकिटं आहेत. ५ आधीच्या ऑर्डरींसाठी बाजूला काढलेली. २ उंदरानं कुरतडलेली, परत पाठवायची. ४ काउंटरवरच्या गिऱ्हाइकांसाठी आणि नोंदीतल्या चुकांसाठी उशी म्हणून. अ‍ॅपनं १३ दाखवायची, २४ नाही.

उशी किती ठेवायची हा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय आहे आणि तो सरसकट घेऊ नका. महिन्यात दोन बाटल्या खपणाऱ्या व्हिनेगरला ४ ची उशी ठेवली तर ते अ‍ॅपवर कधीच दिसणार नाही. दिवसाला शंभर पिशव्या जाणाऱ्या दुधाला ४ ची उशी म्हणजे काहीच नाही. वस्तू काउंटरवर किती वेगानं जाते आणि मागच्या मोजणीत नोंद किती चुकली होती, या दोन गोष्टींवरून उशी ठरवा. सणाच्या आठवड्यात ती बदलू द्या: श्रावणात साबुदाणा आणि राजगिरा, गणपतीत नारळ आणि मोदकाचं पीठ, दिवाळीआधी रवा, बेसन, भाजके पोहे. या तारखा पंचांगात आधीच लिहिलेल्या असतात, त्यामुळे गाफील राहण्याचं कारण नाही.

एक्सपायरीही या हिशेबात येते. नोव्हेंबर २०२४ मध्ये एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ऑनलाइन खाद्यविक्रेत्यांना सांगितलं की माल गिऱ्हाइकाच्या हाती पडताना त्याचं किमान ३० टक्के आयुष्य किंवा एक्सपायरीपूर्वीचे ४५ दिवस शिल्लक असावेत. म्हणजे फडताळावर कायदेशीरपणे विकता येणारं पाकीट ऑनलाइनसाठी ‘उपलब्ध’ असेलच असं नाही. एकाच मालाची दोन उत्तरं आली, आणि ती देण्यासाठी साठ्याच्या भागाला बॅच कळायला हवी.

शेवटचं पाकीट दोघांनी एकाच वेळी घेतलं तर?

अ‍ॅपवरचे दोघं असतील तर पैसे देण्याच्या पायरीवर येताच माल राखून ठेवायचा, समजा दहा मिनिटं. ‘शिल्लक आहे का?’ बघणं आणि ‘एक कमी कर’ म्हणणं या दोन पायऱ्या वेगळ्या ठेवू नका; त्या मधल्या फटीतच दोघं शिरतात. डेटाबेसच्या एकाच आज्ञेत दोन्ही व्हायला हवं. फोन अडकला म्हणून गिऱ्हाइकानं दोनदा बटण दाबलं तर एकच ऑर्डर व्हावी, यासाठी प्रत्येक मागणीला एक खूण द्या; तीच खूण पुन्हा आली की जुनंच उत्तर परत पाठवायचं.

यूपीआयमध्ये एक खाचखळगा आहे. पैसे गेले की नाही हे काही वेळा लगेच कळत नाही, व्यवहार ‘पेंडिंग’ राहतो. दहा मिनिटं संपली म्हणून राखीव माल सोडून दिला आणि नंतर पैसे आल्याचं कळलं, तर आपण न ठेवलेल्या मालाचे पैसे घेतलेले असतात. म्हणून पेंडिंग व्यवहाराचा निकाल लागेपर्यंत राखीव माल सोडायचा नाही.

एक अ‍ॅपवर आणि एक दुकानात असेल तर दुकानातला जिंकतो. पाकीट त्याच्या हातात आहे. म्हणून तर उशी.

‘फक्त २ शिल्लक’ असं दाखवावं का?

खरोखर दोनच असतील आणि आकडा ताजा असेल तर दाखवा. त्याचा गिऱ्हाइकाला उपयोग होतो. घाई लावण्यासाठी दाखवू नका. मघाशी सांगितलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत जे १३ प्रकार दिले आहेत, त्यांत खोटी निकड निर्माण करणं हा एक आहे.

दुकानातलं बिलिंग सॉफ्टवेअर जुनं आहे, नेट जातं, वीज जाते. तिथून ताजा साठा कसा येणार?

जुनं सॉफ्टवेअर बदलायची गरज नाही. त्याच्या शेजारी एक छोटा प्रोग्राम बसवा, जो प्रत्येक बिल, आवक, परतावा आणि खराबा झाला की तेवढीच बातमी पाठवतो: ‘दुकान ७, पोहे, उणे २, दुपारी ४ वाजून १२ मिनिटं’. पूर्ण साठा पाठवायचा नाही, घटना पाठवायची. नेट नसेल तर या बातम्या दुकानातल्याच डिस्कवर रांगेत साठतात आणि नेट आलं की क्रमानं निघतात. मधल्या रांगेसाठी काफ्का नावाचा प्रोग्राम वापरतात. तो लिंक्डइनमध्ये तयार झाला आणि २०११ मध्ये सगळ्यांसाठी खुला झाला. दहा-वीस दुकानांना मात्र त्याहून साधी रांगही पुरते.

तीन गोष्टी सांभाळा. एक, बातम्यांना क्रमांक द्या, कारण त्या उलटसुलट पोहोचतात आणि काही दोनदा पोहोचतात. दोन, रात्री एकदा पूर्ण साठा पाठवून जुळवणी करा. दिवसभराच्या सुटलेल्या नोंदी तिथे सापडतात. तिसरी गोष्ट मला सगळ्यात जवळची: शांततेलाही अर्थ द्या. दुकानाकडून पंधरा मिनिटं काहीच आलं नाही, तर विक्री झाली नाही की नेट गेलं? म्हणून काही विकलं नाही तरी दर मिनिटाला ‘मी जागा आहे’ असा निरोप येऊ द्या. निरोप थांबला की त्या दुकानाची उशी आपोआप वाढवा, आणि तासभर थांबला तर कमी साठ्याच्या वस्तू अ‍ॅपवरून उतरवा. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात वीज जाणं हे नेहमीचं आहे. तो अपवाद समजून बांधलेली यंत्रणा जूनमध्येच उघडी पडते.

सगळं एकदम बदलायचं का?

नाही. जुन्या भिंतीत किंवा झाडावर पिंपळ रुजतो, हळूहळू मुळं खाली सोडतो आणि काही वर्षांनी आधार नसला तरी उभा राहतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. मार्टिन फाउलर यांनी २००४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अशाच वडाच्या जातीच्या झाडावरून जुनी यंत्रणा बदलण्याच्या पद्धतीला नाव दिलं.

पहिला भाग साठ्याचा काढा, तोही फक्त वाचण्यापुरता. एक दुकान निवडा. नवा भाग महिनाभर जुन्याच्या शेजारी चालवा, गिऱ्हाइकाला दाखवू नका, आणि रोज दोघांच्या आकड्यांतला फरक बघा. फरक कुठून येतो हे कळल्यावरच अ‍ॅपला नव्या भागाकडे वळवा. मग राखीव ठेवण्याचं काम, आणि त्यानंतर भाव. भाव शेवटी ठेवण्याचं कारण असं की साठा चुकला तर एक ऑर्डर बिघडते, भाव चुकला तर त्या तासातल्या सगळ्या बिघडतात.

या रचनेचे तोटे काय?

आहेत, आणि विकणारे ते सांगत नाहीत. एका ऑर्डरीसाठी पाच भाग एकापाठोपाठ लागत असतील आणि प्रत्येक ९९.९ टक्के वेळ चालत असेल, तर एकत्रित ९९.५ टक्के उरतात. महिन्याला ४३ मिनिटांच्या बंदऐवजी साडेतीन तासांहून जास्त. म्हणून प्रत्येक भाग बंद पडला तर काय करायचं हे आधी ठरवावं लागतं: ऑफरचा भाग बंद असेल तर ऑफरविना विक्री करायची की थांबायचं? साठ्याचा बंद असेल तर?

चूक शोधणंही अवघड होतं, कारण ती पाच ठिकाणच्या नोंदींत विखुरलेली असते. प्रत्येक ऑर्डरीचा एकच क्रमांक सगळ्या भागांतून फिरवला नाही तर शोध लागत नाही. शिवाय तुकडे फार बारीक केले तर खर्च वाढतो. अ‍ॅमेझॉनच्या प्राइम व्हिडिओच्या एका गटानं २०२३ मध्ये आपली एक निरीक्षण यंत्रणा तुकड्यांतून पुन्हा एकत्र आणली आणि खर्च ९० टक्के कमी झाल्याचं सांगितलं. तुमच्याकडे तीन डेव्हलपर असतील तर बारा भाग करू नका. भाव, साठा आणि बाकी सगळं, असे तीन पुरेत.

आमचं एकच दुकान आहे. आम्हाला हे लागेल का?

बांधायला नाही लागणार. पण ओएनडीसीकडे (ओपन नेटवर्क फॉर डिजिटल कॉमर्स) बघा. सरकारच्या उद्योग आणि अंतर्गत व्यापार विभागाच्या पुढाकारानं ती कंपनी डिसेंबर २०२१ मध्ये नोंदली गेली. तिथे गिऱ्हाइकाचं अ‍ॅप एका कंपनीचं, दुकानदाराचं अ‍ॅप दुसऱ्याचं, पोहोचवणारा तिसरा, आणि सगळे बेकन नावाच्या खुल्या प्रोटोकॉलनं बोलतात. कंपोजेबल रचनाच आहे ही, देशाच्या आकाराची. दुकानदाराचं अ‍ॅप निवडताना एकच प्रश्न आधी विचारा: माझ्या बिलिंगमधून साठा आपोआप येईल की मला हातानं भरावा लागेल? हातानं भरावा लागत असेल तर पन्नास खात्रीच्या वस्तूंपासून सुरुवात करा.

सुधारणा झाली हे कशावरून ओळखायचं?

न बदलता, न वगळता पूर्ण पोहोचलेल्या ऑर्डरींचं प्रमाण बघा. दिलेला भाव आणि बिलातला भाव यांत फरक पडलेली बिलं मोजा. ती शून्यच असायला हवीत. आणि साठ्याच्या आकड्याचं वय मोजा, म्हणजे काउंटरवर बिल झाल्यापासून अ‍ॅपवर आकडा बदलेपर्यंतचा वेळ. तो मिनिटाच्या आत आला की फोन कमी होतात.

सगळं बांधलं, तरी साठा चुकतोच. आता काय?

आता दुकानात जाऊन उभं राहायचं. एका साबणाचे तीन वास गिऱ्हाइकानं घेतले आणि काउंटरवरच्या मुलानं घाईत एकच तीनदा स्कॅन केला, तर पैसे बरोबर आले पण तीन वस्तूंचा साठा चुकला. वितरकाची गाडी आली, माल रचला गेला, चलन दोन दिवसांनी नोंदलं गेलं. फुटलेली तेलाची पिशवी पुसून टाकली, खराब्यात लिहिली नाही. यांतलं काहीही एपीआयला कळत नाही. या मुलांना दोष देऊ नका. दिवाळीच्या गर्दीत त्या जागी कुणीही तेच करेल. त्यांचं काम सोपं करा: वासानुसार स्कॅन न करता पुढे जाता येऊ नये, आवक मोबाइलवरून मालाशेजारी उभं राहूनच नोंदवता यावी, खराब्याला एकच बटण असावं.

आणि पिकरवर विश्वास ठेवा. फडताळापुढे रोज उभा राहणारा तोच एकटा आहे. त्याच्या फोनवर ‘सापडलं नाही’ हे बटण मोठं ठेवा. ते दाबताच त्या दुकानातली ती वस्तू अ‍ॅपवर शून्य व्हावी, पुढच्या गिऱ्हाइकाला ती दिसूच नये, आणि दुकानाच्या कामाच्या यादीत ‘ही वस्तू मोजा’ अशी नोंद पडावी. मोजणी करून कुणीतरी खरा आकडा भरेपर्यंत ती वस्तू पुन्हा विक्रीला येऊ देऊ नका.